पातेगळ

मागच्या भाद्रपदातली गोष्ट आहे अन् अजून डोक्यातून जात नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस, सकाळचे पाच वाजलेले, पांढरकवड्याच्या बाजूला आमचं गाव आहे तिथल्या घरात पुरणाचा वास भरलेला, मोठ्या गंजात आंबील रटरटतेय, सोळा भाज्या चिरायला काढलेल्या, बाहेर पाऊस नाही पण सगळं ओलं. वहिनीनं फ्रिजवरच्या डब्यातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी स्वतः घेतली, एक माझ्या भाचीच्या हातावर ठेवली. पाळी पुढं ढकलायची गोळी. आमच्याकडं ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलीय की भाद्रपदात मेडिकलवालाही काही विचारत नाही. आईनं, म्हणजे भाचीच्या आजीनं, कालनिर्णयावर बोट फिरवून हिशेब केला होता, पोरीची तारीख नेमकी महालक्ष्म्यांवर येत होती, म्हणून तीन दिवस आधीपासून दोघींच्या गोळ्या चालू होत्या. निदान वहिनीला तसं वाटत होतं. भाची मोरीकडं गेली अन् मला दिसलं की तिनं गोळी नालीत टाकून वरून तांब्याभर पाणी ओतलं. मी मागं गेले तर अगदी हळू आवाजात म्हणाली, "आत्या, कायले खाऊ? चार महिने झाले, मले येऊनच नाई रायली."

मी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होते. म्हणाले, "मग तर बरंच झालं."

खरंच असंच म्हणाले. वर हसले पण. डोक्यात तेव्हा काय होतं तर एवढंच, की पोरीला ती कडवट गोळी खावी लागली नाही, सणाच्या दिवशी बाजूला बसावं लागलं नाही, अन् रोज पहाटे पळायला जाते तर तिथंही कटकट नाही. सतरा वर्षांची पोरगी चार महिने पाळी आली नाही म्हणून सांगतेय अन् मी सेहेचाळीस वर्षांची, शिकलेली, नागपुरात राहणारी बाई तिला बरं झालं म्हणतेय. तिनं कदाचित खूप दिवस कुणाला तरी सांगायचं म्हणून मनात घोळवलं असेल, माझी वाट पाहिली असेल. अन् मी सांबार निवडत राहिले.

भाची बारावीला आहे अन् पोलीस भरतीची तयारी करते. आमच्या भागात आता पहाटे फाट्यावर उभं राहिलं की पोरींचे घोळकेच्या घोळके पळताना दिसतात, ट्रॅक पँट, भावाचा जुना टी-शर्ट, ओढणी कमरेला आवळलेली, कुणाच्या पायात बरे बूट, कुणाच्या पायात आठवडी बाजारातले. मला हे दृश्य फार आवडतं, खोटं कशाला सांगू. आमच्या वेळी पोरगी पळताना दिसली तर माणसं विचारायची काय झालं, कोण मेलं. आता पळतात अन् कुणी विचारत नाही. आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, उंची १५५ सेंटिमीटर हवी, हे आता आमच्या गावातल्या आज्यांनाही पाठ आहे. भाचीची उंची १५५ च्या किंचितच वर, त्यामुळे त्या अर्ध्या सेंटिमीटरवर घरात देव पाण्यात ठेवल्यासारखं झालं होतं. शाळेचं मैदान पावसाळ्यात चिखलाचं होतं, म्हणून जूनपासून सगळ्या डांबरी रस्त्यावरच पळत होत्या. तिथं एक अकॅडमी आहे, तिथल्या सरांनी सांगितलं अंग हलकं असलं की टाइम निघतो. बस, पोरीनं रात्रीची भाकर सोडली. मग भात सोडला. सकाळी चहा-टोस, दुपारी कॉलेजातून आल्यावर एक भाकर अन् वरण, संध्याकाळी परत ग्राउंड, रात्री काकडी नाहीतर मुरमुरे. वजन ४७ वरून ४१ वर आलं अन् टाइम खरंच निघाला, म्हणून सगळे खुश. मीही. महालक्ष्म्यांच्या आदल्या रात्री तिचे गालफडं वर आलेले पाहून मी म्हटलं होतं, "काय स्लिम झाली गं!"

दुसरी गोष्ट तिनं मला नंतर सांगितली अन् ती ऐकून मी कितीतरी वेळ काही बोलूच शकले नाही. पाळी बंद झाल्यावरही ती दर महिन्याला चार दिवस बाजूला बसत होती. देवघरात जायची नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायची नाही, माठातलं पाणी दुसऱ्या कुणी काढून द्यायचं. सगळं नाटक. कारण आजी हिशेब ठेवते. अन् गावात बिनलग्नाच्या पोरीची पाळी चुकली म्हटल्यावर पहिला विचार कोणता येतो हे सतरा वर्षांच्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. तर ती तारीख लक्षात ठेवून आपणहून चटईवर जाऊन बसायची, एकदा तर पॅड नुसतंच कागदात गुंडाळून आईला दिसेल असं टाकलं होतं. मी प्रत्येक वेळी नागपूरहून तिच्यासाठी पॅडची पाकिटं नेते, ती कपाटात कपड्यांच्या मागं तशीच्या तशी होती, सील न तोडलेली.

मला माझे दिवस आठवले. मीही त्याच कोपऱ्यात बसायची, तेव्हा कपडा होता, तो वाळवायला गोठ्याच्या मागं जागा शोधावी लागायची जिथं ऊनही नाही अन् वाराही नाही. रागही यायचा अन् खरं सांगायचं तर चार दिवस विहिरीवरून पाणी आणायची सुट्टी मिळायची ते बरंही वाटायचं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. दुधाचं मात्र फक्त वाईटच आठवतं. घरी दोन म्हशी होत्या, दूध संध्याकाळी डेरीला जायचं, उरलेल्यातलं एक पितळी पेला दादाला अन् आम्हा बहिणींना चहा. दादानं कधी मागितलं नव्हतं, त्याला दूध आवडायचंही नाही, तो नाक दाबून प्यायचा अन् आई समोर उभी राहायची. आई म्हणायची पोरानं वखर हाकायचा आहे, हाडं पाहिजे. पोरींना हाडं कशाला पाहिजे हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं, माझ्याही नव्हतं. आता आई बहात्तरची आहे, पाठ अशी वाकलीय की माझ्याशी बोलताना मान वर करून बोलते, अन् मागच्या वर्षी नुसती ओसरीवर घसरली तर मनगट मोडलं.

दसऱ्याच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. "ताई, पोरीची नडगी लय ठणकून रायली, रात्री झोपून नाई रायली." आधी वाटलं मुरगळला असेल. तालुक्याच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढला, त्यात काही नाही म्हणून दुखण्याच्या गोळ्या दिल्या अन् चार दिवस आराम सांगितला. गोळ्या घेऊन ती परत पळाली. मग दुसऱ्या एका ठिकाणी नेलं, तिथं वहिनीनं धीर करून पाळीचंही सांगितलं, तर सोनोग्राफी झाली, अंडाशयात बारीक बारीक गाठी दिसतात, पीसीओडी आहे, गोड अन् भात बंद करा, वजन वाढू देऊ नका. आधीच अर्धपोटी राहणारी पोरगी, तिला आणखी कमी खायला सांगितलं. अन् पाळी आणायच्या गोळ्या दिल्या दहा दिवस. त्या संपल्या तरी पाळी आलीच नाही. मग घरात जी भीती पसरली ती पायाची नव्हती. वहिनी रात्री अकराला फोनवर रडत होती, "ताई, हिले पुढं लेकरू होईन ना व?" पाय मोडायला आलाय, पोरगी लंगडत संडासला जातेय, अन् सगळ्यांच्या तोंडी लग्न अन् लेकरू. मी चिडले फोनवर. नंतर वाईट वाटलं, कारण वहिनी तिच्या परीनं पोरीचंच पाहत होती, तिला जे माहीत होतं त्यातून.

मी त्यांना नागपूरला बोलावून घेतलं.

डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या असतील. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला, भाचीच्या नडगीवरून एक बोट वरून खाली फिरवत नेलं अन् एका जागी दाबलं, पोरगी किंचाळली. एकाच बोटाच्या जागेवर. म्हणाल्या, असं एका टिचभर जागेवर दुखतं ते स्नायूचं नसतं, हाडाला बारीक चीर असते, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. अन् मग मान वर न करता लिहिता लिहिता विचारलं, "पाळी शेवटची कधी आली होती?" दादा उभा राहिला अन् बाहेर निघून गेला. त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं, तो आपोआपच उठला, जसे आमच्या घरातले सगळे पुरुष अशा वेळी उठतात. मॅडमनी लघवीची तपासणी लिहिली, त्यात गरोदरपणाचीही होती, वहिनीनं कागद वाचला अन् तिचा चेहरा पांढराफटक पडला. मॅडमनी तिचा हात धरला अन् म्हणाल्या, ताई, ही प्रत्येकीची करतो, संशय म्हणून नाही, नियम म्हणून. भाची तोपर्यंत भिंतीकडं पाहत होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

एमआरआयमध्ये चीर निघाली. रक्तात इस्ट्रोजेन अगदी तळाला, अन् मेंदूतून अंडाशयाला हुकूम देणारी हार्मोन्सही कमी. ड जीवनसत्त्व ११, जे निदान २० तरी हवं. थायरॉइड बरोबर. मॅडमनी सोनोग्राफीचा कागद पाहून सांगितलं, या वयात अशा गाठी कितीतरी सरळ-साध्या पोरींत दिसतात, २०१८ साली पीसीओएसची, म्हणजे याच पीसीओडीची, जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली त्यात तर पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफी धरूच नका असं म्हटलंय. हिचा आजार उलटाच आहे. ही जेवढं जाळते तेवढं खात नाही.

मग त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून समजावलं, अन् मी माझ्या भाषेत सांगते. मेंदूच्या तळाशी एक जागा आहे, तिथून दर तास-दीड तासानं एक इशारा सुटतो, त्यावर पुढचं सगळं चालतं, अंडाशय, इस्ट्रोजेन, पाळी. शरीराला पळायला, कॉलेजला जायला, रक्त फिरवायला ताकद लागते, खाल्लेल्यातून ती काढून घेतल्यावर काही उरलंच नाही तर ही जागा इशारे लांबवते. पोट रिकामं आहे, आता लेकराबाळाचा विचार नको, असा तो हिशेब. यासाठी महिने लागत नाहीत, अगदी पाच दिवस कमी खाल्लं तरी इशारे विस्कटतात हे प्रयोगात दिसलेलं आहे. अन् हाड म्हणजे काही दगड नव्हे, ते रोज थोडं मोडतं, रोज थोडं बांधलं जातं, मोडणाऱ्या पेशी वेगळ्या अन् बांधणाऱ्या वेगळ्या, मोडणाऱ्यांना आवरून धरायचं काम इस्ट्रोजेन करतं. ते नसलं की मोडणाऱ्यांना मोकळं रान. वर पहाटे डांबरावर हजारो वेळा पाय आपटतोय. पाळी आणायच्या गोळ्यांनी पाळी का आली नाही तेही तेव्हा कळलं, त्या गोळ्या आत साठलेलं अस्तर पाडतात, इथं इस्ट्रोजेनच नव्हतं तर अस्तर तयार कुठून होणार अन् पडणार काय. मी विचारलं की मग दुसऱ्या गोळ्या देऊन पाळी सुरू नाही का करता येणार. म्हणाल्या, गर्भनिरोधक गोळ्या दिल्या तर महिन्याला रक्त दिसेल, सगळ्यांना समाधान होईल, पण हाड भरून येईल याची खात्री नाही, अन् खरी पाळी परत आली की नाही हेच कळणार नाही. आधी जेवण.

हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी झाली, पाच-दहा मिनिटांचं काम, नुसतं पडून राहायचं. रिपोर्टवर लाल अक्षरात ऑस्टिओपोरोसिस छापून आलेलं, ते वाचून वहिनी मटकन बाकड्यावर बसली. मॅडमनी तो शब्द पेनानं खोडला. ते टी स्कोअरवरून मशीन छापतं, तो म्हाताऱ्या बायकांसाठी, हिच्या वयाला झेड स्कोअर पाहायचा, म्हणजे तिच्याच वयाच्या पोरींशी तुलना. तो उणे २.१ होता. उणे दोन किंवा त्याखाली गेलं की वयाच्या मानानं कमी म्हणतात. म्हाताऱ्यांचा शब्द खोडला तरी आकडा काही खोडता आला नाही.

त्या रात्री ती तिघं माझ्या घरी झोपली अन् मी मोबाईलवर वाचत बसले. १९८४ साली बार्बरा ड्रिंकवॉटर नावाच्या अमेरिकन संशोधक बाईनं पाळी बंद झालेल्या चौदा खेळाडू मुली अन् पाळी नियमित असलेल्या चौदा यांच्या हाडांची तुलना केली होती. पहिल्या गटाचं सरासरी वय पंचवीस, अन् त्यांच्या कण्याची घनता निघाली एक्कावन्न वर्षांच्या बाईएवढी. म्हणजे मी लहान होते तेव्हाच हे कुणीतरी मोजून ठेवलंय, छापून ठेवलंय. पुढं त्याला नाव मिळालं, २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं त्याची व्याख्या वाढवली, मोठ्या खेळाडूंच्या मागं आहारतज्ज्ञ असतात, त्यांची पाळी विचारणारं कुणी असतं. आमच्या फाट्यावर पळणाऱ्या पोरींना कोण विचारतं? त्या स्वतःला खेळाडू समजतही नाहीत, त्यांना फक्त नोकरी पाहिजे. वाचता वाचता आणखी एक कळलं, पोरीच्या हाडात खनिज भरायचा वेग साडेबारा वर्षांच्या आसपास सगळ्यात जास्त असतो, त्या दोन वर्षांतच आयुष्यभराच्या हाडातला जवळपास पाव हिस्सा भरला जातो, अन् अठरापर्यंत नव्वद टक्क्यांच्या आसपास. आमच्या जुन्या वाड्यात जमिनीखाली पेव होतं, सुगीत एकदा ज्वारी भरून तोंड लिंपून टाकायचे, मग वर्षभर फक्त काढायची. आईच्या घोरण्याचा आवाज फोनवर ऐकल्यासारखा वाटला मला उगाचच. तिचं पेव कुणी भरलं होतं? चौदाव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी मी पोटात नव्हते पण माझी मोठी बहीण होती.

सकाळी गाडीनं परत निघालो तेव्हा दादा एक शब्द बोलला नव्हता. मीही गावाला चालले होते सोबत. जाम चौरस्त्यावर चहाला थांबलो. भाची गाडीतच पाय लांब करून बसली होती, मी तिच्यासाठी दूध सांगितलं अन् ती नको म्हणाली नाही, हे मला फार मोठं वाटलं. रस्त्याच्या पलीकडं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, शेत होतं, पात्यांची, म्हणजे कळ्यांची, बोंडं होऊन ती फुटायला लागलेली. दादा तिकडं बघत म्हणाला, "मॅडमनं काय सांगतलं मले समजलं नाई सारं. पण खायाले कमी पडलं म्हणून बंद झालं, असंच ना?" मी हो म्हटलं. मग तो बराच वेळ गप्प अन् एकदम म्हणाला, "ऑगस्टात पावसानं उघाड देल्ली होती, तवा आपल्या पऱ्हाटीनं पात्या गाळल्या. मी पाह्यलं अन् त्याच दिवशी मोटार लावली. झाड काऊन पात्या गाळते, मले समजते. त्याच्याजवळ नसते पाणी, मंग ते पयले लेकरं टाकते अन् सोता जगते." चहाचा ग्लास त्यानं खाली ठेवला. "घरात पोरगी वाळून रायली होती अन् मी म्हणो, वा, टाइम निघून रायला."

तो रडला नाही. पण त्यानं गाडीपर्यंत जायला वेळ घेतला.

मला वाटतं आजवर ऐकलेल्यात याहून सोपं कुणी सांगितलं नाही. पातेगळ सुरू झाली की शेतकरी झाडाला दोष देत नाही, झाडाला पाणी देतो, खत देतो, अन् पात्या परत चिकटवायचं औषध शोधत बसत नाही. आमच्या घरात मात्र पोरीच्या पाळीचा अर्थ काय काय लावला गेला बघा. आजीला विटाळाचा हिशेब, वहिनीला लग्नाची काळजी, पोरीला अब्रूची भीती, अन् मला सोय. आम्ही चार बायका एका घरात, चौघींना पाळीतलं सगळं माहीत, अन् एकीलाही असं वाटलं नाही की हे शरीर काहीतरी सांगतंय, भूक लागलीय म्हणून सांगतंय.

खायचं काय हा प्रश्न आला तेव्हा मॅडमनी पावडरचा डबा लिहून दिला नाही याचं दादाला आश्चर्य वाटलं. आधी भाकरी वाढवा, रात्रीचं जेवण परत सुरू करा, वरणावर तेल-तूप घ्या, पळायच्या आधी अन् नंतर काहीतरी पोटात जाऊ द्या. कॅल्शियमची गोळी दिली पण जेवणासोबत, अन् लोहाच्या गोळीसोबत नाही, दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट अंगी लागत नाही. शाळेत निळी लोहाची गोळी वाटतात ती पोरीनं कधी खाल्ली कधी खिडकीतून फेकली, तेही बाहेर आलं. या वयाच्या मुलीला दिवसाला १०५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं आपल्याच आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, २०२० चं म्हणणं आहे, अन् आमची ज्वारी, जी आम्हाला देवासारखी, तिच्यात शंभर ग्रॅमला तीससुद्धा नाही. पण तीळ? न सोललेल्या तिळात शंभर ग्रॅमला हजाराच्या वर. घरात तिळाची चटणी असते, जवसाची असते, अंबाडीची भाजी अन् कण्या तर आम्ही मिटक्या मारत खातो, शेवगा दारात उभा आहे अन् त्याचा पाला बकरी खाते. सगळं आहे. फक्त चटणी बोटाला लावून चाटण्याएवढीच खायची असते असा आमचा समज.

अन् ऊन. पांढरकवड्याच्या उन्हात राहणाऱ्या पोरीच्या अंगात ड जीवनसत्त्व ११, हे मी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, मशीन बिघडलं असन. पण बघितलं तर पोरी पहाटे अंधारात पळतात, दिवसभर कॉलेजात बसतात, अन् येता-जाता डोळ्यांपुरती फट ठेवून सगळं तोंड अन् हात स्कार्फनं झाकलेले, काळं पडू नये म्हणून. मीही गाडीवर तशीच बांधते. दर आठवड्याला एक साठ हजार युनिटची पुडी दुधातून, आठ आठवडे, अन् दुपारचं, कोवळं नव्हे तर खरं, ऊन हातापायांवर थोडा वेळ, असं सांगितलंय. आजीला हे सगळ्यात आवडलं. "उन्हात बसाले कोण पैसे मांगते?"

एक गोष्ट मध्येच सांगते कारण ती मला सुटत नाही. माझ्या वर्गात तीन-चार पोरं-पोरी अशा होत्या ज्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे होते, त्या हसताना तोंडावर हात ठेवायच्या. आमच्या तालुक्यातल्या बऱ्याच गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे, पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर नको, अन् आमच्याकडच्या कितीतरी हातपंपांत ते त्याहून वर. फ्लोराइडनं हाड दिसायला घट्ट होतं, मशीनवर घनता चांगलीही येईल, पण आतून ठिसूळ, अन् खाण्यात कॅल्शियम कमी असलं तर आणखी वाईट. मॅडमनी म्हणूनच विचारलं होतं घरी पाणी कुठलं पिता. कुणी डॉक्टरनं माझ्या गावाच्या पाण्याबद्दल विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

दिवाळीत गावाला गेले तेव्हा भाची चटईवर नव्हती, ओसरीत खाटेवर पाय वर करून अभ्यास करत होती. तिचं नाटक आता घरात सगळ्यांना माहीत झालेलं. आई त्यावरून फुगलेली होती, पाळी आली नाही याचं तिला काही नव्हतं, पोरगी महालक्ष्म्यांसमोर खोटं वागली याचं होतं. मी म्हटलं, आई, उलट ती तर सोवळीच होती ना गं. आई काही बोलली नाही. पण रात्री तिनं स्वतःच्या हातानं भाचीच्या ताटात तिसरी भाकर वाढली अन् ती संपेपर्यंत समोर उभी राहिली, अगदी दादाच्या पेल्यासमोर उभी राहायची तशी. मला घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. आनंद होता की पस्तीस वर्षं उशीर झाल्याचा राग, कळलं नाही.

झोपताना मी भाचीजवळ तो विषय काढला. म्हटलं त्या दिवशी मी बरं झालं म्हणाले, तसं म्हणायला नको होतं. ती म्हणाली, "तू म्हणली म्हणून मले पण वाटलं बरंच झालं. नाहीतर मी भेऊन रायली होती." एवढंच. तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं नाही, त्यामुळेच ते मला जास्त लागलं. नंतर कितीतरी वेळ तिचा श्वास ऐकत जागी होते.

जानेवारीत, संक्रांत झाल्यावर दोन-तीन दिवसांनी, पहाटे पावणेसहाला तिचा फोन आला. मी घाबरून उचलला. मागून पायांचा धपधप आवाज अन् पोरींचा कालवा. पळायची परवानगी अजून नाही, मॅडमनी आधी चालायचं, मग मऊ मातीवर हळूहळू असं सांगितलंय, पण ती पहाटे मैदानावर जाते अन् मैत्रिणींचे टाइम घेते. वजन साडेचव्वेचाळीस झालंय. घरचं दूध डेरीला रोज सहा लिटर जायचं, वहिनी सांगत होती की कार्डावर आता पाच लिहून येतं.

"आत्या, पाकीट अजून तसंच हाय," ती म्हणाली. "आजी पण रोज विचारते, आली का व. पयले विचारे तवा राग ये."

मी म्हटलं, "राहू दे पाकीट. खाल्लंस का काही?"

"केळं खाल्लं. अन् तिळाचा लाडू. थांब, त्या आल्या," अन् तिनं फोन कानावरून न काढताच ओरडून आकडा सांगितला, तीन मिनिटं अकरा सेकंद, अन् परत ओरडली, "तू काय खाऊन आली बे? काई नाई? मंग कायले पळते?"